कोचबाईंचा सत्कार

ब्रूकमीड कॉलेजची फुटबॉल टीम हरते, ही गोष्ट लंडनजवळच्या स्लाऊमध्ये कुणाला ठाऊक नव्हती. कारण ती खेळते, हीच गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती एकट्या पुरुषोत्तम चौबळांना. एकोणीस वर्षं दर बुधवारी दुपारी दोनच्या ठोक्याला हा माणूस मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची उघडून बसायचा. डोक्यावर माकडटोपी, मांडीवर थर्मास. पावणेचारला खुर्ची मिटायची आणि पराभव काखेत मारून घरी यायचं.

चौबळ त्याच कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅबची खिडकी मैदानावर उघडायची. परीक्षानळ्या विसळता विसळता त्यांनी पहिली मॅच पाहिली, टीम पाच-शून्यने हरली, आणि चौबळांचा जीव जडला. शहाणी माणसं जिंकणाऱ्याच्या मागे जातात. ते शहाणपण चौबळांना कधी आलंच नाही. चार वर्षांपूर्वी ते रिटायर झाले. लॅब सुटली, बुधवार सुटला नाही. बरं, त्या टीममध्ये ह्यांचा मुलगा नाही, नातू नाही, शेजाऱ्याचा भाचासुद्धा नाही.

"अहो, हरायलाच जाताय तर घरी बसून हरा," त्यांची बायको नीना म्हणायची. "इथे हीटिंग तरी आहे."

"या वर्षी टीम बरी आहे."

"हे तुम्ही आपल्या तनूच्या लग्नाच्या वर्षीपण म्हणाला होता. तनूची मुलगी आता शाळेत जाते."

शेवटची मॅच जिंकून दोन वर्षं उलटली होती, आणि त्या मॅचला समोरच्यांची नऊच पोरं आली होती. ऑक्टोबरअखेर जुना कोच मेडनहेडच्या एका जिममध्ये नोकरी धरून निघून गेला. कुणी रडलं नाही. आणि हाफ टर्मची सुट्टी संपताना कॉलेजच्या पत्रकात एक ओळ आली: नवीन हेड कोच, कस्तुरी घारपुरे.

चौबळांनी ते नाव तीनदा वाचलं आणि चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं.

"अगं, आपली आहे!"

"आपली म्हणजे? माझ्या माहेरची का तुमच्या घरची?"

"घारपुरे! मराठी!"

"घारपुऱ्यांची मुलगी आणि फुटबॉल?" नीनाने कढईवरची नजर न काढता विचारलं. "घरच्यांना माहीत आहे का?"

चौबळांनी बातमी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं: 'अरे वा! पण जॉब कुठे करते?' आपल्या लोकांचं हे असंच. विलायतेत येऊन चाळीस वर्षं झाली तरी पोरांनी डॉक्टर व्हावं नाहीतर बँकेत जावं. तिसरं काही केलं की तो छंद. पोरगी कॉलेजात हेड कोच झाली म्हटल्यावर मंडळाची अर्धी माणसं तिचं खरं पोटापाण्याचं काय आहे ते शोधायला लागली.

चौबळांना त्याची फिकीर नव्हती. रात्रीच्या जेवणाआधीच त्यांनी मनातल्या मनात लीग जिंकली होती. मराठी रक्त म्हणजे गनिमी कावा आलाच. मोजक्या माणसांनिशी मोठ्या फौजेला लोळवायचं, ते काय शिकवावं लागतं? पोरगी जन्मली स्लाऊमध्ये, वाढली चिप्सवर. पण चौबळांच्या डोळ्यांपुढे ती सह्याद्रीचा कडा उतरून थेट कॉर्नर फ्लॅगपाशी येत होती.

सोमवारी सरावाच्या वेळी ते वही घेऊन मैदानावर हजर झाले. वही म्हणजे त्यांची खासगी निरीक्षणं. अशा सात वह्या घरी होत्या. पैकी त्यांनी सगळ्यात जाडी आणली होती.

कस्तुरी एकोणतीस वर्षांची, बुटकी, गळ्यात शिट्टी, केसांवर लोकरीची टोपी. तिने हात पुढे केला. "हॅलो काका. माझा आजी सांगलीचा आहे. मराठी येते मला, पण थोडा मोडका आहे."

"असू दे, टीमपण मोडकीच आहे," चौबळ म्हणाले आणि वही तिच्या हातात ठेवली.

तिला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच मोठ्याने वाचून दाखवलं. "चार नंबर आळशी आहे. त्याला पळवणे."

"हे कधी लिहिला, काका?"

चौबळांनी पानावरची तारीख पाहिली. "दोन हजार अकरा."

"मग तो चार नंबर आता एकतीस-बत्तीस वर्षांचा असेल."

"असेल. पण आळशीच असणार."

ती खळखळून हसली. मग वही मिटून तिने त्यांना परत दिली आणि चेहरा सरळ केला. "काका, एक सांगते. कुणाला बोलू नका. प्रिन्सिपल मला काय बोलली माहितीय? ख्रिसमसच्या आधी एक मॅच जिंकायचा. फक्त एक. नाही जिंकला, तर जानेवारीत टीम बंद. लीगमधून नाव काढणार."

"बंद?"

"बंद. माझ्याकडे तीन मॅच आहेत. दोन बाहेर, एक इथे."

चौबळ मैदानाकडे बघत राहिले. पोरं शंकूंच्या मधून चेंडू नेत होती आणि निम्मे शंकू पाडत होती. एकोणीस वर्षांत ही टीम हरेल याची त्यांना रोज भीती वाटली होती. ती नसेलच, ही भीती नवीन होती. बुधवारचं मग करायचं काय? नीनाबरोबर सुपरमार्केट?

"मी काय करू, सांग," ते म्हणाले.

"सल्ला देऊ नका," कस्तुरी पटकन म्हणाली. मग म्हाताऱ्याचा चेहरा पाहून जरा नरमली. "मला एक नंबर पाहिजे. आपली मुलं घाबरतात, म्हणून चेंडू मागे देतात. घाबरून किती वेळा मागे दिला, ते मोजा. तेवढाच."

चौबळांनी आयुष्यभर लॅबमध्ये थेंब मोजले होते. हे काम त्यांच्या पिंडातलंच. पहिल्या मॅचला ते ट्रेनने गेले, कुडकुडत मोजलं: एकेचाळीस. टीम एक-शून्यने हरली. एकच गोल खाल्ला, हेच केवढं नवल! कस्तुरीने तो आकडा मुलांना वाचून दाखवला आणि आठवडाभर मागे पास देणाऱ्याला पुश-अप्स काढायला लावल्या. दुसऱ्या मॅचला तेवीस. आणि स्कोअर एक-एक. बरोबरी!

चौबळांनी मैदानावरूनच घरी फोन लावला. "नीना, बरोबरी!"

"म्हणजे जिंकले नाहीत."

"पण हरले नाहीत!"

"मग एवढे ओरडताय कशाला? मला वाटलं ट्रेनखाली पाय गेला."

आता राहिली एक. शेवटची, घरच्या मैदानावर, क्रॉयडनच्या कॉलेजविरुद्ध. माणसाला आनंद झाला की त्याने गप्प घरी जावं, वरणभात खावा आणि झोपावं. चौबळांनी ते केलं नाही. त्यांनी मंडळाचा अध्यक्ष उदय याला फोन केला.

उदय पुण्याचा, मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये, चाळिशीचा, आणि स्टेज दिसलं की अंगात येणारा. "काका, काय सांगता! बरोबरी केली? मग सत्कार करून टाकू! मॅचच्या आधी, मैदानावरच. फोटो मस्त येतील."

आपल्यात एखाद्याने काही करून दाखवलं की बाकीच्यांच्या पोटात दुखतं. म्हणून त्याने काही करायच्या आतच त्याचा सत्कार उरकून घेतात. तोवर सगळ्यांचं मन मोठं असतं.

चौबळांनी कस्तुरीला सांगितलं. ती गोंधळली. "सत्कार म्हणजे काय?"

"शाल, नारळ, दोन शब्द कौतुकाचे."

"कशासाठी? मी काही जिंकला नाही अजून. नको, काका."

आता इथे चौबळांचा काय घोळ झाला ते नीट समजून घ्यायला हवं. तीस वर्षांत त्यांनी मंडळाचे शेकड्याने सत्कार पाहिले होते. प्रत्येक सत्कारमूर्ती आधी 'नको नको' म्हणते. 'मी कोण एवढा, माझी काय लायकी' म्हणते. आणि मग तीच मान शाल नीट बसावी म्हणून बरोब्बर वाकते. जो 'नको' म्हणत नाही, त्याला लोक माघारी 'काय हावरट' म्हणतात. तेव्हा कस्तुरीचा नकार ऐकून चौबळांना भरूनच आलं. इथे जन्मली, पण विनय बघा पोरीचा!

"दोन मिनिटं फक्त," ते म्हणाले.

"दोन? प्रॉमिस?"

"अगं, दोन म्हणजे दोन."

मराठी समारंभातली दोन मिनिटं कुठल्या घड्याळात मोजतात, ते त्या बिचारीला कुणी शिकवलेलं नव्हतं.

नोव्हेंबरचा शेवटचा बुधवार. ब्रूकमीडच्या मैदानाला दिवे नाहीत, आणि त्या दिवसांत चारला सूर्य दुकान बंद करतो. मॅच दोनची, दोनला सुरू झाली तर पावणेचारच्या आत आटपते, म्हणून तर ती दोनची. क्रॉयडनची मिनिबस अर्धा एम ट्वेंटीफाइव्ह हायवे तुडवून तासभर आधी येऊन थांबली होती. सहा मैलांवरच्या मेडनहेडहून अध्यक्ष उदय दोन वाजून दहा मिनिटांनी आले. "पार्किंग मिळेना," म्हणाले. कार पार्कात तीन गाड्या होत्या.

मंडळाची अकरा माणसं जमली होती. त्यांतली चार घरून काम करणारी, कानात बटण घालून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेलीच उभी होती. टचलाइनवर टेबल, टेबलावर चादर, चादरीवर समई. दीपप्रज्वलनाशिवाय आपला कुठला कार्यक्रम सुरू होत नाही, मग तो इंग्लंडच्या उघड्या मैदानावर वाऱ्यात का असेना. पहिली काडी विझली. दुसरी विझली. चौघांनी शाल आडवी धरली, तेव्हा वात पेटली; शाल बाजूला घेतली, वात गेली.

"पेटली होती, सगळ्यांनी पाहिली," वैजयंतीबाई माइकवरून म्हणाल्या. सूत्रसंचालन त्यांच्याकडे होतं. त्यांनी आधी अध्यक्षांचा परिचय करून दिला. मग अध्यक्षांनी वैजयंतीबाईंचा परिचय करून दिला. एकमेकांना ते वीस वर्षं ओळखत होते.

रेफरी पिकल्या मिशांचा गृहस्थ. तो चौबळांपाशी येऊन घड्याळ दाखवत म्हणाला, "साहेब, उजेड तुमचा आहे, माझा नाही. मी फक्त शिट्टी वाजवतो."

कस्तुरी चौबळांच्या बाहीला धरून कुजबुजली, "काका, प्लीज, नको आता. मुलांचे पाय थंड पडले."

"लाजू नकोस," चौबळ म्हणाले आणि तिच्या पाठीवर थोपटलं.

तिच्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला. तो धरायचा कसा हे न कळून तिने तो गोलकीपरसारखा छातीशी कवटाळला. फोटो झाले. आणि मग उदयने माइक चौबळांच्या हातात दिला. "आता आपले काका दोन शब्द बोलतील."

एकोणीस वर्षं या मैदानावर चौबळांचं कुणी काही ऐकलं नव्हतं. खुर्चीवरून ते ओरडायचे ते वाऱ्यावर जायचं. आज समोर माइक होता, अकरा माणसं होती, दोन टीम होत्या. मोहात पडायला माणसाला एवढंही लागत नाही. ते परीक्षानळ्यांपासून सुरू झाले. पाच-शून्य, सात-एक, चार-शून्य, एकेक पराभव त्यांनी प्रेमाने सांगितला. दोन हजार अकराच्या चार नंबरचा उल्लेख आला. क्रॉयडनची पोरं जागच्या जागी उड्या मारून अंग गरम ठेवत होती. आपली पोरं मात्र सभ्यपणे हात मागे बांधून उभी, कारण काका बोलत होते.

"काका, बस," कस्तुरी तिसऱ्यांदा म्हणाली, या वेळी मोठ्याने.

मंडळाने टाळ्या वाजवल्या. किती नम्र मुलगी!

दोनची मॅच दोन छत्तीसला सुरू झाली. पाय आखडलेल्या आपल्या पोरांनी चौथ्या मिनिटाला गोल खाल्ला. मंडळी फोटो घेऊन चहाला गेली; चौबळ मोजायला बसले. आणि मग, एकोणीस वर्षांत जे पाहिलं नव्हतं ते दिसायला लागलं. पोरं मागे बघेनात. चेंडू पुढे, पुढे, आणखी पुढे. हाफटाइमच्या आधी एक-एक. सत्तराव्या मिनिटाला कॅप्टन इद्रिसने, उंच शेलाट्या पोराने, डोक्याने चेंडू आत घातला. दोन-एक! चौबळ खुर्चीवर उभे राहिले आणि खुर्ची मिटली. ते पडले, उठले, चिखल झटकला. मागे दिलेले पास: नऊ.

पण आता चेंडू दिसेना. पोरं आवाजावरून एकमेकांना ओळखायला लागली. क्रॉयडनच्या गोलकीपरने समोरून येणाऱ्या कबुतरावर झेप घेतली. रेफरीने वर आभाळाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तीनदा शिट्टी वाजवली. चार वाजून आठ मिनिटं. मॅच रद्द. खेळायची राहिली होती आठ मिनिटं.

चौबळांनी हिशोब करायला नको होता, पण लॅबच्या माणसाला सवय असते. त्यांचं भाषण झालं होतं नऊ मिनिटं.

पोरं शंकू गोळा करत होती. चौबळ कस्तुरीपाशी गेले.

"मी नको बोलले होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "तीन वेळा."

"मला वाटलं, तू लाजतेस."

तिने त्यांच्याकडे खरोखर न समजून पाहिलं. "काका, मी कशाला लाजेन? मला नको होता, म्हणून मी नको बोलले."

दुसऱ्या दिवशी लीगचं पत्र आलं. उशिरा सुरुवात का झाली याचा खुलासा सोमवारपर्यंत द्या. घरच्या टीमची चूक असेल तर मॅच क्रॉयडनला बहाल. म्हणजे मग एक विजय नाही, जानेवारी नाही, टीम नाही. कस्तुरीने तेवढं फोनवर सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही तिथे होता. काय झाला ते लिहून द्या."

त्याच संध्याकाळी उदयचा फोन आला. त्याला सगळी खबर होती. "काका, काळजी करू नका. लिहून टाका, क्रॉयडनवाले उशिरा आले. एम ट्वेंटीफाइव्हला रोजच ट्रॅफिक असतं, कोण तपासणार आहे?"

"अरे, ते तासभर आधी आले होते. गोलच्या मागे उभे राहून केळी खात होते. मी पाहिलं."

"तुम्हीच पाहिलं ना? मग झालं! मंडळाचं नाव येता कामा नये, एवढंच. तीस वर्षांची संस्था आहे."

"तीस वर्षांच्या संस्थेला एक समई पेटवता येईना," चौबळ म्हणाले, "आणि तू त्या पोरांच्या केळ्यांवर खोटं लिहायला सांगतोस? लाज वाटते का?"

"काका, तुम्ही रागावलात."

"रागावलोय. तुझ्यावर नाही, स्वतःवर. पण तू मध्ये आलास तर तुझ्यावरपण रागावेन."

त्यांनी डायनिंग टेबलावर कागद घेतला आणि प्रयोगाची नोंद लिहावी तसं लिहिलं. दोन दहा, अध्यक्षांचं आगमन. दोन तेरा, दीप पेटला. दोन तेरा, दीप विझला. नीना खांद्यावरून वाचत होती.

"वैजयंतीची पाच मिनिटं लिहा ना. तिला बरी सोडता!"

"लिहितो."

"आणि स्वतःची?"

"तेच लिहितोय." दोन पंचवीस ते दोन चौतीस, पु. चौबळ यांचं भाषण, विषय: पराभव. मग ते थांबले, पेनाचं टोपण चावलं आणि शेवटचं वाक्य लिहिलं: 'कोचने मला तीन वेळा नकार दिला. तिन्ही वेळा तो होकार आहे असं मी ठरवलं. कॉलेजचा आणि तिचा यात दोष नाही.'

नीनाने ते दोनदा वाचलं. "हे वाक्य खोडू नका हं," ती म्हणाली. "एक झेरॉक्स मलापण द्या. घरात लावते."

आठवड्याने निकाल आला. तो सांगायला कस्तुरी स्वतः घरी आली, बूट दाराशी काढून, मोजे ओले तसेच. लीगने म्हटलं होतं: दोष बाहेरच्या माणसांचा दिसतो, कोचने रोखायचा प्रयत्न केला होता. तेव्हा मॅच पुन्हा होईल. सुट्टीआधीच्या बुधवारी, क्रॉयडनच्या मैदानावर, दुपारी एकला. कुठल्याही प्रकारचा समारंभ होणार नाही. आणि श्री. पी. चौबळ यांना मैदानाच्या आवारात प्रवेश नाही.

"तुमच्यामुळे मॅच परत मिळाला, काका," कस्तुरी म्हणाली.

"गेली होती कुणामुळे?" नीनाने चहा ठेवता ठेवता विचारलं.

एकोणीस वर्षांत चौबळांनी एक मॅच चुकवली नव्हती. तनूच्या मुलीच्या बारशाला उशिरा गेले होते, पण मॅच नाही. आणि आता आयुष्यातली जी एकच मॅच बघायची होती, ती कुंपणापलीकडे. उदयने त्याच दिवशी त्यांना मंडळाच्या ग्रुपमधून काढलं, ते तर त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"बंदी यांना आहे ना?" नीना म्हणाली. "मला कुठे आहे?"

दोघांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"काकू, तुम्हाला फुटबॉल आवडते?"

"मुळीच नाही. पण हे घरी बसून माझं डोकं खातील, त्यापेक्षा मी तिथे जाऊन बघते."

त्या बुधवारी दोघं ट्रेनने क्रॉयडनला गेली, तिथून ट्राम. मैदानाच्या फाटकासमोरच ट्रामचा थांबा होता, मध्ये उंच दाट कुंपण. चौबळ थांब्याच्या बाकावर बसले. नीना लाल कोट घालून आत गेली आणि आतून तिने फोन लावला.

"अहो, सुरू झालं. सगळे पळताहेत."

"कुठे?"

"चेंडूच्या मागे. अजून कुठे पळणार?"

"अगं, आपले कसे खेळताहेत?"

"आपले कुठले?"

"हिरवे! हिरवे आपले!"

"हां, हिरवे. एका हिरव्याने त्यांच्या एकाला पाडलं. छान पाडलं. आता तो रेफरी त्याला काहीतरी पिवळं दाखवतोय."

चौबळांनी कपाळाला हात लावला. "चेंडू मागे देतात का, ते बघ. घाबरून मागे."

"घाबरलेत का ते मला काय माहीत? मी काय त्यांची नाडी बघू? कोचबाई ओरडतेय मात्र. आपल्या तनूला लहानपणी मी ओरडायचे, तश्शी. बरी आहे मुलगी."

हाफटाइमला शून्य-शून्य. दुसऱ्या हाफमध्ये अर्धा तास नीनाने जे सांगितलं, त्यावरून चौबळांना एवढंच कळलं, की गोलकीपरला सर्दी आहे आणि क्रॉयडनचा कोच दिसायला सभ्य आहे. ट्रामा येत होत्या, जात होत्या. एका ड्रायव्हरने चढायचं का म्हणून खुणेने विचारलं; चौबळांनी हाताने नाही म्हटलं.

मग फोनमधून एकदम नीनाची किंकाळी आली आणि फोन बंद पडला.

कुंपणापलीकडून गलका उठला. पोरं ओरडत होती. कुठली पोरं? हिरवी का त्यांची? आवाजाला रंग नसतो. चौबळांनी पुन्हा फोन लावला, लागेना. तिसऱ्यांदा लावला. ते उठून फाटकापाशी गेले. फाटक सताड उघडं होतं, अडवायला चिटपाखरू नव्हतं. चार पावलं आत टाकली की सगळं दिसलं असतं. चौबळ चौकटीपाशी उभे राहिले, एक हात लोखंडावर ठेवून, आणि मग मागे वळून बाकावर जाऊन बसले. मांडीवर मुठी घट्ट आवळून. किती वेळ, ते मात्र त्यांनी मोजलं नाही.

शिट्टी वाजली. पुन्हा गलका. आणि बऱ्याच वेळाने नीना बाहेर आली. लाल कोटावर चिखल, हातात चिखलाने माखलेला फोन, चेहरा कोरा.

"पडला हो फोन हातातून," ती म्हणाली.

"नीना!"

"काय?"

"नीना, काय झालं?"

"काय व्हायचंय? जिंकले. एक-शून्य." आणि मग तिला तो कोरा चेहरा धरवेना. "अहो, त्या पोरांनी कोचबाईला उचललं! आणि ती चक्क रडत होती. मला मिठी मारली तिने, बघा कोटाचं काय झालंय. म्हणाली, काकांना सांगा, जानेवारी आहे."

चौबळ उठले, आणि काय करावं हे न कळून परत बसले. मग त्यांनी माकडटोपी काढली आणि तोंड पुसलं. नीना दुसरीकडे बघत राहिली.

परतीच्या ट्राममध्ये त्यांनी विचारलं, "गोल कसा झाला?"

"चेंडू आत गेला."

"अगं, पण कसा?"

"तो उंच मुलगा आहे ना, त्याच्या गुडघ्याला लागून."

"गुडघ्याला नसेल. इद्रिस डोक्याने मारतो. हेडर असेल."

"तिथे कोण होतं? मी का तुम्ही?"

चौबळांनी माकडटोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"बरं. गुडघ्याला," ते म्हणाले. "त्याच्या आधी काय झालं? पास कुणी दिला? नाही, थांब. सुरुवातीपासूनच सांग."

"सुरुवातीपासून? अहो, दीड तासाची मॅच. स्लाऊ येईपर्यंत संपायची नाही."

"मग पुढे मेडनहेडपर्यंत जाऊ," चौबळ म्हणाले, "आणि येताना दुसरा हाफ."